‘बरा’, ‘चांगला’, ‘उत्तम’: शब्दांचा हिशेब सोपा करताना

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्याला सुताचा व्यापारी ठरवायचाय. बघायचं काय, तर धाग्याची मजबुती, माल वेळेवर येणं आणि उधारीची मुदत. अभिप्राय मिळतात ते शब्दांत: वाईट, कमी, बरा, चांगला, उत्तम.

असे शब्द गणितात आणायची वाट गणिती लोत्फी झादे यांच्या फझी संचांनी (ज्यांत एखादी गोष्ट पूर्ण, अर्धी किंवा थोडीशीही बसू शकते) १९६५ मध्ये दाखवली. प्रचलित रीतीत प्रत्येक शब्दाचा त्रिकोण करतात, म्हणजे खालचा, मधला आणि वरचा असे तीन आकडे: ‘बरा’ (०.२५, ०.५, ०.७५), ‘चांगला’ (०.५, ०.७५, १). टोकाचा ‘उत्तम’ मात्र (०.७५, १, १). पुढे सगळी आकडेमोड तिप्पट, आणि शेवटी सरासरी काढून परत एकच आकडा!

त्याऐवजी पायऱ्या मोजा. वाईट ०, उत्तम ४. मजबुतीला ०.५, वेळेला ०.३, उधारीला ०.२ वजन दिलं. पहिला व्यापारी उत्तम, बरा, बरा: २ + ०.६ + ०.४ = ३. दुसरा तिन्हींत चांगला: तोही ३. बरोबरी.

त्रिकोण लावले की पहिल्याला ०.७१ आणि दुसऱ्याला ०.७५. दुसरा पुढे गेला, पण सुतात काहीच बदललं नाही. टोकाचा त्रिकोण एका बाजूने कापलेला असल्याने ‘उत्तम’ची सरासरी १ न राहता ०.९२ होते, फरक तेवढ्यानेच पडला. अशा वेळी बरोबरी मान्य करून सूत कशाला हवंय ते बघावं. ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) हवं असेल तर पहिलाच घ्यावा, कारण ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो.

बेरीज २.६ आली तर? जवळचा शब्द ‘चांगला’, आणि शेजारी उणे ०.४ लिहून ठेवायचं. हेरेरा आणि मार्टिनेझ यांची २००० सालची ही जोडीची रीत. नुसता शब्द ठेवला तर २.६ आणि ३.४ एकच दिसतात.

पायऱ्यांचीही खोट आहे. मजबुती वाईट, बाकी दोन्ही उत्तम, तरी बेरीज २, म्हणजे ‘बरा’! म्हणून आधीच चाळणी लावावी: मजबुती ‘चांगला’च्या खाली असेल तर नाव बाद. शिवाय पायऱ्यांत सारखं अंतर हे गृहीतच आहे. एकाच व्यापाऱ्याला विणकामाचा मास्तर ‘उत्तम’ आणि खरेदीवाला ‘वाईट’ म्हणत असेल तर सरासरी काढू नका. बहुधा दोघांनी वेगळ्या लॉटचं (एका वेळी आलेल्या मालाचं) सूत पाहिलेलं असतं. दोन पायऱ्यांपेक्षा जास्त फरक दिसला की आधी लॉट नंबर विचारा.