केसपेपरवरची ॲलर्जी आणि तिचा कोड

केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा असतो. रुग्णालयाच्या संगणकात त्याचा झेड ८८.० होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतला, म्हणजे आयसीडी-१० मधला हा कोड. या व्यक्तीला पूर्वी कधीतरी पेनिसिलिनची ॲलर्जी झाल्याची नोंद आहे, एवढंच तो सांगतो. आज काय झालंय ते त्यात नसतं, आणि बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात.

समजा, ॲमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या औषधाचा योग्य डोस घेतला आणि अंगभर पुरळ आलं. इथे झेड ८८.० लावून भागत नाही. आधी त्रासाचा कोड लागतो: औषधाने अंगभर उठलेल्या पुरळाला एल २७.०, ॲलर्जीच्या गांधींना एल ५०.०, योग्य रीतीने दिलेल्या औषधाने ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, झाला तर टी ८८.६. मग औषधाचा: पेनिसिलिन गटाला वाय ४०.०. तेच औषध चुकून जास्त पोटात गेलं असेल तर ती विषबाधा ठरते आणि टी ३६.० लागतो. अमेरिकेतल्या आवृत्तीत हा फरक एका अंकावर येतो. टी ३६.०एक्स१ म्हणजे अपघाताने झालेली विषबाधा, टी ३६.०एक्स५ म्हणजे योग्य डोसचा दुष्परिणाम, टी ३६.०एक्स६ म्हणजे डोस कमी पडला. बोट चुकून शेजारच्या कळीवर पडलं तरी कागदोपत्री वेगळीच घटना घडते.

झेड ८८ चे कप्पे मोठे आहेत, ही दुसरी अडचण. सल्फा औषधांना ८८.२, भुलीच्या औषधांना ८८.४, वेदनाशामकांना ८८.६. म्हणजे ॲस्पिरिन असो की पॅरासिटामॉल, कप्पा एकच. म्हणून कोडसोबत औषधाचं मूळ नाव, नेमका त्रास, डोसनंतर किती वेळाने झाला आणि कोणत्या वर्षी, हे चार तपशील लिहायलाच हवेत. नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही; ऑगमेंटिनमध्ये ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल अशी दोन औषधं असतात. ‘सल्फा’ एवढंच लिहिलं तर काही संगणक फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीलाही इशारा देतात. प्रत्यक्षात को-ट्रायमोक्साझोल या सल्फा अँटिबायोटिकची ॲलर्जी असलेल्याला फ्युरोसेमाइड चालत नाही, याला भक्कम आधार नाही.

बारीक नोंदीसाठी स्नोमेड सीटी ही संज्ञावली आहे. तिच्यात ॲमॉक्सिसिलिनची ॲलर्जी पेनिसिलिनपासून वेगळी नोंदवता येते. भारतात ती विनामूल्य वापरता येते, आणि त्याचं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र पाहतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही मूळ कोडला औषधाचा कोड जोडण्याची सोय आहे.

पण कितीही बारीक कोड असला तरी मूळ माहिती चुकीची असेल तर उपयोग शून्य. ‘गोळीने पित्त झालं’ असं रुग्ण म्हणाला, तर अंगावर गांधी उठल्या की घशाशी आंबट आलं, हे विचारल्याशिवाय ॲलर्जी लिहू नये. अँटिबायोटिकने जुलाब होणं हा दुष्परिणाम आहे, ॲलर्जी नव्हे. मॉर्फिनने येणारी खाज बहुधा हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन शरीरात थेट सुटल्याने येते, ॲलर्जीने नव्हे. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकने चेहरा-मान लाल झाली, तर आधी सलाईनचा वेग पाहावा. १ ग्रॅमला निदान १०० मिनिटं द्यावी लागतात. घाईने दिलं की हे होतं, आणि वेग कमी केला की बहुतेकांना तेच औषध देता येतं. दातांच्या इंजेक्शननंतरची धडधड अनेकदा त्यातल्या ॲड्रेनालिनची असते. एप्स्टाइन-बार विषाणूच्या तापात ॲमॉक्सिसिलिन दिल्यावर आलेलं पुरळसुद्धा बऱ्याचदा कायमची ॲलर्जी नसते.

असा शेरा सावधगिरी म्हणून राहू द्यावा, असं वाटणं साहजिक आहे, पण ते महागात पडतं. अमेरिकेत साधारण १० टक्के रुग्णांच्या नावापुढे पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते. तपासल्यावर त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना ते औषध सोसतं. खरी, तत्काळ होणारी ॲलर्जीसुद्धा १० वर्षांत सुमारे ८० टक्के जणांत ओसरते. शेरा मात्र राहतो. मग जास्त विस्तृत परिणामाची अँटिबायोटिक्स दिली जातात, आणि त्यांच्यामागून क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब आणि औषधांना न जुमानणारे जंतू येतात.

शेरा काढायची पद्धत आहे. जुना, सौम्य त्रास असलेल्यांना डॉक्टर रुग्णालयात ॲमॉक्सिसिलिनचा एक डोस तोंडाने देतात आणि तासभर लक्ष ठेवतात. कातडी सोलून निघाली होती, तोंडात-डोळ्यांत फोड आले होते (स्टीव्हन्स-जॉन्सन, एल ५१.१), अशांना ही चाचणी कधीच देत नाहीत, त्यांचा शेरा कायम राहायला हवा. घरी कोणीही हा प्रयोग करू नये.

चाचणी पार पडली तरी काम अर्धंच झालेलं असतं. झेड ८८.० ॲलर्जीच्या यादीतून, जुन्या डिस्चार्ज कार्डातून आणि औषध दुकानाच्या नोंदीतून वेगवेगळा काढावा लागतो. एक जरी जागा राहिली, तरी पुढच्या भरतीच्या वेळी जुनी यादी जशीच्या तशी उतरवली जाते. म्हणून चाचणीची तारीख, डोस आणि निकाल लिहिलेला कागद रुग्णाने मागून घ्यावा आणि दाखल होताना तोच आधी दाखवावा.