गोल्डियन फिंचची डोकी आणि ‘स्प्लिट’चा घोळ

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या रानात गोल्डियन फिंच हा छोटा रंगीत पक्षी तीन रंगांच्या डोक्यांचा सापडतो. साधारण चारातले तीन काळे, उरलेले जवळपास सगळे लाल, आणि पिवळं डोकं हजारोंत एखादं. एकोणिसाव्या शतकात या रंगांना वेगळ्या जाती समजून वेगळी नावंही मिळाली होती; पुढे जात एकच ठरली. १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची निर्यात थांबवली. त्यामुळे आपल्याकडच्या पिंजऱ्यांतले गोल्डियन हे मुख्यतः त्याआधी बाहेर पडलेल्यांचे वंशज.

रंग पिढीत कसा उतरतो हे कोडं आधी कॅनरीत उलगडू लागलं. १९०८ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधक स्त्रियांनी दालचिनी रंगाच्या कॅनरींवरून दाखवून दिलं की रंगाची गाठ नर-मादीशी बांधलेली असू शकते. गोल्डियनचा लाल-काळा भेद तसाच, नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर आहे. लाल वरचढ, काळा दबणारा. काळा नर आणि लाल मादी जोडीला लावली की नर पिल्लं सगळी लाल, मादी पिल्लं सगळी काळी. त्या लाल नरांत काळा लपलेला असतो, म्हणून पाळणारे त्यांना ‘काळ्याला स्प्लिट’ म्हणतात. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच, तिला लपवायला जागाच नाही. ‘काळ्याला स्प्लिट लाल मादी’ असा पक्षी नसतो, कितीही खात्रीने सांगितला तरी.

खरा गुंता पिवळ्याचा आहे. पिवळं डोकं झेडवर ठरत नाही. त्याच्या जनुकाची प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. म्हणून पिवळ्याला मात्र मादीही स्प्लिट असू शकते. आता दोन्ही प्रती मिळालेला पक्षी झेडवरून काळ्या डोक्याचा ठरला तर? डोक्यावर काळाच दिसतो. पिवळ्याची खूण राहते ती चोचीच्या टोकाशी: लालऐवजी पिवळट-नारिंगी ठिपका. हा पक्षी सर्रास ‘काळा, स्प्लिट पिवळा’ म्हणून विकला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं. स्प्लिटकडे एक प्रत असते, याच्याकडे दोन. याचं प्रत्येक पिल्लू पिवळ्याची प्रत घेऊन निघणार; खऱ्या स्प्लिटची सरासरी निम्मीच. शिवाय खऱ्या स्प्लिटची चोच लाल टोकाचीच असते, तो नुसता बघून ओळखताच येत नाही. एकच शब्द दोघांना लावल्यामुळे जोड्यांच्या कितीतरी नोंदवह्या निरुपयोगी झाल्या आहेत. ‘काळा, पिवळ्या चोचीचा’ एवढं लिहिलं तरी पुरे. पिल्लं पहिली पिसं टाकेपर्यंत राखाडी-हिरवट असतात, घेणारा फक्त शब्दावर पैसे मोजतो. म्हणून शब्द नेमका हवा.

२००९ मध्ये एका अभ्यासाने लाल-काळ्या मिश्र जोड्यांची मादी पिल्लं जास्त मरतात असं मांडलं. २०१८-१९ मध्ये दोन गटांनी लाल-काळ्याचं मूळ झेडवरच्या एका छोट्या तुकड्यापर्यंत नेलं.

डोक्यांपाठोपाठ पिंजऱ्यांत अंगाचे रंगही आले. पांढरी छाती आणि निळं अंग दबणारे, दोन्ही प्रती लागणारे. पिवळं अंग पुन्हा झेडवर, पण अर्धवट वरचढ: एक प्रत असलेला हिरवा नर फिकट दिसतो. त्यालाही काहीजण स्प्लिट म्हणतात. जे डोळ्यांना दिसतंय ते स्प्लिट नव्हे; त्याला सिंगल फॅक्टर म्हणतात.