पट्टी निघते, भोकं उरतात: गुळगुळीत गाड्यांची पार्श्वभूमी

जुन्या गाडीची दारांची हँडलं, बॉनेटवरचा बिल्ला, डिकीवरचं नाव आणि कडेच्या क्रोमच्या पट्ट्या उतरवून तिचं अंग सलग करायचं, याला अमेरिकेत ‘शेव्हिंग’ म्हणतात. ऐकायला हे नुसतं काढण्याचं काम वाटतं. पण पट्टी क्लिपांवर बसवलेली असते आणि प्रत्येक क्लिपेसाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं. पट्टी हातात आली की खरं काम सुरू होतं.

या आवडीचं मूळ 1930 च्या दशकात आहे. 1936 सालच्या ‘कॉर्ड 810’ या गाडीत डिझायनर गॉर्डन ब्यूहरिग यांनी हेडलाइट मडगार्डात लपवले, दारांच्या बिजागऱ्या नजरेआड केल्या आणि दाराखालच्या पायऱ्या काढून टाकल्या. अशी गाडी सामान्य पोराच्या आवाक्यात नव्हती. त्याच्याकडे जुनी फोर्ड असायची. तिच्यावरचं नको ते काढणं मात्र त्याला जमण्यासारखं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या हॅरी वेस्टरगार्ड यांनी या कामाला वळण लावलं आणि त्यांच्याच प्रभावात सॅम व जॉर्ज बॅरिस हे भाऊ तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस परिसरात त्यांचं दुकान नावारूपाला आलं. पुढे 1966 च्या ‘बॅटमॅन’ मालिकेतली बॅटमोबाइल बनवल्यामुळे जॉर्ज जगाला माहीत झाले, पण सुरुवातीच्या त्या दुकानात पत्र्यावरचा हात सॅम यांचा होता, आणि माझ्या लेखी मोठेपण त्या हाताचं.

तेव्हा भोकं बुजवायला शिसं वापरत. मोठ्या भोकाला ठिगळ वेल्डिंग करायचं, तेही थोडं इथे, थोडं तिथे, कारण एकाच जागी आच लागली तर पत्रा ओढला जातो. त्यावर शिसं. शुद्ध शिसं 327 अंशांना एकदम पातळ होतं आणि उभ्या दारावर टिकत नाही. म्हणून साधारण 70 टक्के शिसं, 30 टक्के कथील असा मिश्रधातू घेत. तो 183 अंशांना मऊ व्हायला लागतो आणि पूर्ण वितळायला आणखी सत्तर-एक अंश लागतात. मधल्या टप्प्यात तो लोण्यासारखा असतो. तेवढ्या अवधीत लाकडी फळीने तो पसरायचा. चिकटू नये म्हणून फळीला मेण किंवा तेल. त्याआधी पत्र्याला कथलाचा पातळ हात द्यावा लागतो, नाहीतर शिसं धरत नाही. पितळेच्या पातेल्यांना नवसागर लावून कल्हई करणारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही पायरी लगेच कळेल. कथील धरावं म्हणून लावलेल्या आम्लाचा अंश राहिला तर महिन्याभराने रंगाला फोड येतात, म्हणून शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं. शिशाची धूळ विषारी, त्यामुळे घासायला सँडपेपर नको, कानसच हवी.

हँडल गेलं की दार उघडायचं कसं? आत विजेवर कडी ओढणारा सोलेनॉइड बसवून बटण कुठेतरी लपवायचं.

या सगळ्याला सर्वात शोभली ती फोर्ड कंपनीचीच 1949 ते 1951 ची मर्क्युरी. मुळातच बुटकी, गोलाईची. शिशाने भरलेल्या या जड गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असं नाव पडलं. बॅरिस बंधूंनी 1952 मध्ये बॉब हिरोहाटा या तरुणासाठी 1951 ची मर्क्युरी घडवली. तिचं छप्पर पुढून सुमारे 4 आणि मागून 7 इंच कापलं, दारामागचा खांब काढला. कंपनीच्या पट्ट्या गेल्या, पण कडेला ब्यूक गाडीची एक पट्टी मुद्दाम आली: वर फिकट हिरवा, खाली गडद हिरवा, आणि मध्ये ती. गुळगुळीत करणं म्हणजे सरसकट भादरणं नव्हे, हे या गाडीइतकं स्पष्ट दुसरी कुठली दाखवत नाही. 2022 मध्ये लिलावात तिला 19 लाख 50 हजार डॉलरची बोली लागली.

1955 मध्ये ‘बाँडो’ हे भरावाचं मिश्रण आलं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची भुकटी, वर ते घट्ट करणारं हार्डनर. आपल्याकडच्या गॅरेजमधली लांबी, म्हणजे पुट्टी, याच जातीची. आच नको, फळी नको, आणि घरच्या अंगणात कुणीही हे काम करू लागलं. चूक होती ती जाड थर देण्यात. भोक वेल्डिंग न करता वरून नुसती लांबी थापली की मागून पाणी शिरतं, भुकटी ते धरून ठेवते आणि पत्रा आतून सडतो.

अशी गाडी विकत घेताना लोक चुंबक फिरवतात; पण तो शिशालाही चिकटत नाही आणि लांबीलाही. रंगाचा एक कोपरा खरवडून पाहावा लागतो. करडी चकाकी दिसली तर खाली शिसं आहे. गुलाबी पूड निघाली, म्हणजे खाली लांबी असली, तर आधी दाराच्या आतल्या बाजूने टॉर्च मारून बघा.