महानगरपालिका निवडणुकांतील अल्प मतदान (महाराष्ट्र)

महानगरपालिकेच्या निवडणुकीत नोंदणीकृत मतदारांपैकी मोठा वर्ग, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, मतदानाला न जाण्याच्या प्रवृत्तीस अल्प मतदान म्हणतात. पाणी, कचरा, गटारे आणि गल्लीतला रस्ता पाहणाऱ्या संस्थेकडेच मतदाराने पाठ फिरवावी, ही यातील विसंगती आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेसाठी २०१२ मध्ये सुमारे ४५ टक्के मतदान झाले. २०१७ मध्ये ते ५५ टक्क्यांवर गेले, तेव्हा त्याला विक्रमी म्हटले गेले. याउलट कोल्हापूरसारख्या शहरात ते साठीच्या पुढे जाते आणि ग्रामपंचायतीत त्याहूनही वर, कारण तेथे उमेदवार भावकीतला, तालमीतला किंवा निदान ओळखीचा असतो.

याचे खापर सुशिक्षितांच्या उदासीनतेवर आणि जोडून आलेल्या सुट्टीवर फोडण्याची रीत आहे. कुलाब्यासारख्या भागातील तुरळक मतदान पाहता ते अगदीच खोटे नाही, परंतु अपुरे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो व त्याचे पद बव्हंशी मानाचे असते. त्यातच मेट्रो, म्हाडाच्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसन हे विषय राज्याच्या अखत्यारीतील यंत्रणांकडे असल्याने, नगरसेवकाच्या हाती नेमके काय आहे हा मतदाराचा प्रश्न रास्त ठरतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांमुळे मुंबईचा कारभार जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने पाहिला. जानेवारी २०२६ मध्ये अखेर निवडणूक झाली, तेव्हा मतदान सुमारे ५३ टक्के, म्हणजे २०१७ पेक्षा थोडे कमीच झाले.

दुसरे कारण मतदार यादीचे आहे. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची स्वतंत्र यादी नसते. विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागनिहाय विभाजन केले जाते आणि नावे नव्याने घालण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार त्या टप्प्यावर नसतो. विभाजनात चूक झाली की नवऱ्याचे नाव एका प्रभागात आणि बायकोचे शेजारच्या प्रभागात जाते. केंद्राबाहेरच्या टेबलावर कार्यकर्ता बोट फिरवत यादी चाळतो, नाव सापडत नाही, आणि दोन केंद्रे हिंडून माणूस घरी परततो. टक्केवारीत त्याची गणना मात्र उदासीनांतच होते. शिवाय मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे यादीत राहिल्याने भाजक फुगतो, त्यामुळे जाहीर झालेला टक्का काही प्रमाणात वास्तवापेक्षा कमी दिसतो.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. पुण्यासह इतर शहरांत २०१७ मध्ये बहुसदस्यीय पद्धत होती, म्हणजे एका प्रभागातून बहुधा चार नगरसेवक. तेथे मतदाराला अ, ब, क, ड या प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबावे लागते आणि शेवटचे मत पडेपर्यंत यंत्राचा आवाज होत नाही. एक बटण दाबून निघालेल्याला कर्मचारी ‘अजून तीन राहिली’ म्हणून परत बोलावतात. प्रभाग चौपट मोठा झाल्याने उमेदवाराची ओळख पातळ होते व पक्षचिन्हाला महत्त्व येते.

परिणाम गणिताने स्पष्ट होतो. समजा प्रभागात ४०,००० मतदार असून ४५ टक्के मतदान झाले, तर पडलेली मते १८,००० होतात. पंचरंगी लढतीत ६,००० मते घेणारा उमेदवार निवडून येऊ शकतो, म्हणजे एकूण मतदारांपैकी १५ टक्के. त्यामुळे सर्वांना पटवण्यापेक्षा हक्काची मते बाहेर काढणे किफायतशीर ठरते. सकाळी घरोघर पोचणाऱ्या चिठ्ठ्या आणि दुपारनंतर वस्तीत फिरणाऱ्या रिक्षा याच हिशेबावर चालतात. ज्या गृहसंकुलातून मते येत नाहीत तेथे प्रचारकही फारसे फिरकत नाहीत.

उपाय म्हणून मतदानाच्या दिवशी सुट्टी किंवा कामातून सवलत आणि जनजागृती हे नेहमीचे मार्ग आहेत. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी मतदान सक्तीचे करणारा कायदा केला. त्याला २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि मतदान न करणाऱ्यास १०० रुपये दंड ठरला, परंतु २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली.