खिडकीवरची पांढरी डबी: चुंबकाची की कंपनाची?

घराला अलार्म बसवायचा म्हटलं की दुकानदार दोन पांढऱ्या डब्या पुढे करतो: मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट आणि व्हायब्रेशन सेन्सर. दोन्ही खिडकीलाच लागतात, म्हणून स्वस्त पडेल ती उचलली जाते. घोळ तिथेच होतो.

मॅग्नेटिक कॉन्टॅक्टला एवढंच कळतं, दार लागलंय की उघडलंय. चौकटीवर रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बंद नळीतल्या दोन पातळ धातूच्या पट्ट्या. बेल लॅब्जमधल्या वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये काढलेली ही युक्ती अजून चालते आहे. दाराच्या फळीवर चुंबक. तो जवळ असेपर्यंत पट्ट्या चिकटून राहतात आणि सर्किट पूर्ण राहतं. दार उघडलं की तुटतं. वायर कापली तरी तुटतंच, म्हणून चोराला कात्री चालवून सुटका नाही.

व्हायब्रेशन सेन्सरला दार उघडं की बंद याच्याशी देणंघेणं नाही. त्याला हातोडा, पहार, ड्रिल यांचे हादरे कळतात. काच फोडून कुणी आत आला आणि खिडकी सरकवलीच नाही, तर कॉन्टॅक्ट गप्प बसतो, हा बोंबलतो. कडी न लावलेली खिडकी हळूच सरकवली तर मात्र याला पत्ताही लागणार नाही.

एकच घ्यायचा असेल तर मी मुख्य दाराला कॉन्टॅक्ट लावेन. व्हायब्रेशनवाला फार नाजूक ठेवला की सुतळी बॉम्ब, रस्त्यावरचा ट्रक, शेजाऱ्याचं ड्रिल, कशानेही वाजतो. मग घरचेच वैतागून पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेला अलार्मचा मुख्य डबा, बंद करून टाकतात.

कॉन्टॅक्टचं सगळं गणित मात्र बसवण्यात आहे. तो बिजागरीच्या विरुद्ध कडेला हवा. बिजागरीजवळ लावला तर दार बरंच उघडलं तरी चुंबक लांब जात नाही. साध्या डबीला पंधरा-वीस मिलिमीटर अंतर चालतं, पण ते लाकडावर. लोखंडी सेफ्टी डोअर चुंबकाचा जोर खेचून घेतं, तिथे खाली प्लास्टिकचा तुकडा द्या किंवा लोखंडी दारासाठीचाच सेन्सर घ्या. दुकानाच्या शटरला जमिनीवर बसणारा दणकट प्रकार वेगळा मिळतो. कोकणातल्या लाकडी दाराला अंतर निम्म्यावरच ठेवा. उन्हाळ्यात चालणाऱ्या अंतराच्या अगदी काठावर बसवलेला सेन्सर, पावसात दार फुगून नीट लागेनासं झालं की, रात्रभर पॅनलवर ‘झोन ओपन’, म्हणजे ते दार उघडं आहे, असं दाखवत बसतो.

सर्वांत जास्त फसतात ते दोन ट्रॅकच्या ॲल्युमिनियम खिडकीत. उजव्या काचेला कॉन्टॅक्ट लावून कारागीर निघून जातो, आणि डावी काच तितकीच सहज सरकते! दोन्ही काचांना स्वतंत्र कॉन्टॅक्ट लागतो. व्हायब्रेशन सेन्सर ग्रिलच्या चौकटीवर घट्ट स्क्रूने बसवा. नुसत्या चिकटपट्टीवर सोडलात तर उन्हाने ती सैल होते आणि हादरा पोचतच नाही.

कारागीर समोर असतानाच दार अगदी सावकाश उघडून बघा. हात आत जाईल एवढी फट पडायच्या आत पॅनलने ओळखलं नाही, तर चुंबक सरकवायला सांगा.