गेम खेळताना पीसी बंद पडतो: ड्रायव्हर गेला की पॉवर सप्लाय?

माझा आतेभाऊ पिंपळगाव बसवंतहून एसटीनं आला तेव्हा सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेला, जसं काय आजारी पोरगं दवाखान्यात आणलंय. दारातनंच सुरू, "दादा, कार्ड गेलं रे माझं, विंडोज तीनदा टाकून झालं, तरी गेम लावला की पाच मिनिटात सगळं बंद." म्हटलं आधी पाणी पी, आणि सांग बंद म्हणजे नेमकं काय बंद. स्क्रीन बंद, गेम बंद, की पीसीच बंद? त्याला काही नीट सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मलाही आलं नसतं.

कारण तेव्हा मी बरोब्बर याच्या उलटी चूक केलेली. माझ्याकडे एएमडीचं आरएक्स ५८० हे ग्राफिक्स कार्ड होतं, ते काढून एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० टाकलं. आठवडाभरात गेम खेळताना स्क्रीन एकदम काळी व्हायची, हेडफोनमध्ये आवाज चालूच, दोन-तीन सेकंदांनी डेस्कटॉप परत यायचा आणि गेम गायब. दुकानात विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला सप्लाय (म्हणजे पीसीला करंट देणारा डबा) कमी पडतोय सर, बदलून टाका. माझा साडेपाचशे वॉटचा चांगला चालता सप्लाय होता, तरी मी साडेसहाशेचा नवीन घेऊन आलो, रविवारची अख्खी दुपार सगळ्या वायरी उपसून परत बसवल्या, आणि रात्री गेम लावला तर परत तेच, स्क्रीन काळी, आवाज चालू.

आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, कारण साधा हिशोब केला असता तरी कळलं असतं. आरएक्स ५८० चं पॉवर रेटिंग १८५ वॉट, ३०६० चं १७०. म्हणजे नवीन कार्ड जुन्यापेक्षा कमीच खातंय! मग कालपर्यंत पुरणारा सप्लाय आज अचानक कमी कसा पडेल? मेला असेल, म्हातारा झाला असेल, ते वेगळं, पण 'कमी पडतोय' हे होऊच शकत नव्हतं.

तर ड्रायव्हर अडकणं आणि सप्लाय बंद पडणं, या दोन्ही गोष्टींना लोकं एकच शब्द वापरतात, 'क्रॅश होतोय', आणि सगळा घोळ तिथनंच.

ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातलं दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर) अडकतो तेव्हा विंडोज जिवंत असतं. विंडोजमध्ये व्हिस्टापासून एक सोय आहे, टीडीआर म्हणतात तिला, ग्राफिक्स कार्डानं दिलेल्या कामाला ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही (हा वेळ मुळात २ सेकंदांचा ठेवलाय) की विंडोज ड्रायव्हरची मानगूट धरून त्याला परत सुरू करतं. माझी स्क्रीन काळी होऊन परत यायची ती याच्यामुळे. पंखे फिरत असतात, लाइटा चालू, आवाज चालू किंवा र्र्र्र करून अडकलेला, कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा, टिक् असा आवाज येऊन स्क्रीन लकलकते, म्हणजे ड्रायव्हर रीसेट झाला. कधीकधी एवढ्यानंच गाडी रुळावर येते. आणि महत्त्वाचं म्हणजे विंडोजला हे सगळं लिहून ठेवायला वेळ मिळतो. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून विंडोज लॉग्समध्ये सिस्टीम बघितलं की ४१०१ नंबरची नोंद सापडते, डिस्प्ले ड्रायव्हरनं उत्तर देणं बंद केलं आणि मग सावरला, अशी.

सप्लाय हात वर करतो तेव्हा असलं काही नसतं. खट्, आणि सगळं एका क्षणात गुल. पंखे, लाइटा, सगळंच. घरातली लाइट गेल्यासारखं, फक्त घरातली लाइट असते. कधी लगेच आपोआप चालू होतो, आणि चांगल्या सप्लायमध्ये ओव्हरलोडची प्रोटेक्शन असते ती पडली तर बटण दाबूनही चालू होत नाही, भिंतीवरचा स्विच बंद करून थोडं थांबावं लागतं. आतेभावाला हे विचारलं तर लगेच म्हणाला, हो ना, मागचा स्विच बंद करून परत लावल्याशिवाय चालूच होत नाही. मी तिथंच म्हटलं, अरे मग तीनदा विंडोज कशाला टाकलंस? तर म्हणे गावातल्या एकानं सांगितलं व्हायरस असेल.

इथं एक गडबड होते बरं का. विंडोज स्वतःच कोसळलं की निळी स्क्रीन येते, पण ती आली तरी विंडोज मुळात आपोआप रीस्टार्ट होतं, आणि कधी ती इतकी झटकन जाते की आपल्याला वाटतं पीसी नुसताच बंद होऊन चालू झाला, म्हणजे सप्लायच. म्हणून आधी सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा. मग निळी स्क्रीन आली तर ती थांबते, वाचता येते. आणि लॉगमध्ये कर्नल पॉवर ४१ ही नोंद दिसली म्हणून लगेच सप्लायला शिव्या घालू नका, नावात पॉवर असलं तरी तिचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता चालू झाला. त्या नोंदीच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा नंबर, असतो तो बघायचा. तिथं शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत करंट गेला किंवा पीसी ठार गोठला आणि कोणीतरी बटण दाबलं. २७८ असेल तर ती ग्राफिक्स ड्रायव्हरची निळी स्क्रीन होती. आतेभावाच्या लॉगमध्ये ४१ ची लाइनच लागलेली, सगळीकडे शून्य, आणि ४१०१ औषधालासुद्धा नाही.

मग साइडचं पॅनल काढलं. आत सेकंड हँड घेतलेलं आरटीएक्स ३०६० टीआय, भारी कार्ड, आणि त्याला करंट देणारा सप्लाय जुन्या पीसीबरोबर कॅबिनेटमध्येच फुकट आलेला, हातात घेतला तर पोह्यांच्या पाकिटासारखा हलका. स्टिकरवर मोठ्ठं ४५० वॉट. पण खालचा बारीक तक्ता वाचायचा असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लायनींचे, ते गेमिंगला काही कामाचे नाहीत. त्याचं कार्ड एकटं २०० वॉटचं, प्रोसेसर रायझन ५ ३६०० फुल लोडला ८८ वॉटपर्यंत जातो, म्हणजे इथंच २८८ झाले, पंखे आणि बाकीचं धरलंच नाही. आधी यात जीटीएक्स १६५० होतं ७५ वॉटचं, म्हणून वर्षभर सुखानं चाललं. त्याच्या बाबतीत कार्ड जवळजवळ तिप्पट खाणारं आलं, माझ्या बाबतीत कमी खाणारं, आणि सप्लाय मी बदलला, विंडोज त्यानं!

तो म्हणाला, पण दादा चारशेच्या आत बसतंय ना सगळं, मग कंपनी या कार्डाला सहाशेचा सप्लाय का सांगते? त्याला म्हटलं तुमच्या मळ्यातली मोटर आठव. पाच एचपीची मोटर स्टार्टर दाबल्याबरोबर चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, घरातला बल्ब मिणमिणतो, मग सेकंद-दोन सेकंदात सगळं निवळतं. ग्राफिक्स कार्डाचं तसंच, फक्त एकदाच नाही तर गेमभर, काही मिलिसेकंदांसाठी ते लिहिलेल्या वॉटच्या कितीतरी वर उडी मारतं. आरटीएक्स ३००० सिरीजच्या मोठ्या कार्डांचा याबद्दल चांगलाच बोभाटा झाला होता. २०२२ ला इंटेलनं सप्लायसाठी एटीएक्स ३.० हे नवं स्टँडर्ड आणलं त्यात या उड्या सोसायची अटच घातली, नव्या पॉवर कनेक्टरच्या मोठ्या सप्लायनं १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट भार झेलला पाहिजे. म्हणून बेरीज करून काठावरचा सप्लाय घेऊ नये. आणि सप्लायवरच्या ८० प्लसच्या ब्राँझ-गोल्ड शिक्क्याला फार भुलू नका, तो शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते याचा आहे, आतला माल किती टिकाऊ याचा नाही. मी आधी वॉरंटी बघतो, पाच वर्षांची असेल तर कंपनीला स्वतःच्या मालावर थोडा तरी भरवसा आहे असं धरतो.

इतकं सगळं सरळ असतं तर बरं झालं असतं, पण कधी कमकुवत सप्लाय पूर्ण बंद न पडता नुसताच व्होल्टेज खाली सोडतो, कार्ड गडबडतं, आणि विंडोज बिचारं ड्रायव्हरच्या नावानं ४१०१ लिहून मोकळं. म्हणजे नाव ड्रायव्हरचं, चोर सप्लाय. याला माझ्याकडे एकच फुकटातला उपाय आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर टाका, पॉवर लिमिट शंभर टक्क्यांवरून सत्तरवर आणा, गेममध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) साठवर बांधून टाका आणि तासभर खेळा. कार्ड कमी खायला लागल्यावर क्रॅश बंद झाला तर संशय सप्लायवर (किंवा कार्डाला दोन केबलींऐवजी एकाच केबलीची दोन तोंडं लावलीत का तेही बघा, जड कार्डाला सप्लायकडनं दोन वेगळ्या केबली आणाव्यात). तरीही तसाच क्रॅश, तेवढ्याच वेळात, तर आधी ड्रायव्हरकडे बघा. आतेभावाचा पीसी सत्तरवर तास दीड तास काही न होता चालला, शंभरवर नेला आणि चौथ्या मिनिटाला खट्. त्याचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

यूपीएसचं विसरू नका. आपल्याकडे घरोघरी सहाशे व्हीएचा असतो, त्यातून बहुतेक वेळा ३६० वॉटच्या आसपासच मिळतात. गेमिंग पीसी आणि मॉनिटर दोन्ही त्यावर टाकले की तोच टूं टूं करत मान टाकतो आणि नाव होतं सप्लायचं. तपासताना पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकलाही चाळीस डिग्री असतं, कार्डाचं टेंपरेचर बघायला पैसे पडत नाहीत.

ड्रायव्हरचंच निघालं तर नुसतं नवीन ड्रायव्हर वरून टाकून भागत नाही, विशेषतः एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेला असाल तर. माझं तेच झालेलं, एएमडीचं सॉफ्टवेअर तसंच पडून होतं आणि वर विंडोज अपडेट मागच्या दारानं स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवत होतं. आधी नवीन ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवायचा, डीडीयू नावाचं फुकट टूल घ्यायचं, मग नेट काढायचं, वायफायसुद्धा, हे लोकं हमखास विसरतात आणि मधल्या मधे विंडोज त्याचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. सेफ मोडला जाऊन डीडीयूनं जुनं सगळं झाडून काढायचं, रीस्टार्ट, नवीन ड्रायव्हर, मग नेट. माझा वीस मिनिटांत विषय संपला, साडेसहाशेचा सप्लाय घेऊन झाल्यावर.

तो सप्लाय त्या दिवशी कामी आला. माझ्या ३०६० ला कंपनीच साडेपाचशे सांगते, म्हणून माळ्यावरचा जुना साडेपाचशेचा खाली काढून परत माझ्यात बसवला आणि साडेसहाशेचा आतेभावाच्या पीसीत. केबली मात्र ज्याच्या त्यालाच लावल्या, मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, सप्लायच्या केबलींची तोंडं सारखी दिसली तरी आतल्या पिना वेगळ्या असू शकतात, एकाची दुसऱ्याला लावली तर हार्ड डिस्कचा धूर निघू शकतो. रात्री अकरापर्यंत पॉवर लिमिट शंभरवर ठेवून खेळत बसलो, खट् काही झालं नाही.

दोन दिवसांनी पिंपळगावहून फोन, "दादा, परत क्रॅश झाला." पण या वेळेस पुढचं मी न विचारता त्यानंच सांगितलं, स्क्रीन काळी झाली, आवाज चालू होता, डेस्कटॉप परत आला, लॉगमध्ये ४१०१ आहे. म्हटलं आफ्टरबर्नरमध्ये काही हात मारलास का? जरा वेळ गप्प, मग म्हणे मेमरी क्लॉक (कार्डाच्या मेमरीचा वेग) थोडा वाढवला होता, एक हजारनं. तो शून्यावर आणायला लावला, त्यानंतर फोन नाही. सप्लायचे पैसे द्राक्षं झाली की देतो म्हणालाय.