डेस्मंडच्या अर्लच्या आख्यायिका

डेस्मंडचा अर्ल गेराल्ड फिट्झगेराल्ड (सु. १५३३–११ नोव्हेंबर १५८३) हा आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातील सरदार. राणी पहिल्या एलिझाबेथविरुद्धच्या दुसऱ्या डेस्मंड बंडात (१५७९–८३) त्याचा पराभव होऊन तो मारला गेला. घराण्यातील वादग्रस्त वारस धरावेत की वगळावेत, यानुसार त्याला चौदावा किंवा पंधरावा अर्ल म्हणतात.

त्याच्याशी जोडली जाणारी मुख्य आख्यायिका लिमरिक काउंटीतील लॉख गुर या तळ्याची आहे. ‘ग्यारोद इर्ला’ (अर्ल गेराल्ड) तळ्याखाली झोपला असून दर सात वर्षांनी चांदीचे नाल मारलेल्या घोड्यावरून पाण्यावर फेरी घालतो. नाल झिजून संपले की तो परत येईल, असे सांगतात. हा गेराल्ड नेमका कोणता, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार तो तिसरा अर्ल (मृत्यू १३९८). तो आयरिश भाषेतील कवी होता आणि लोककथेत त्याला आन्या या देवतेचा पुत्र मानतात. दुसऱ्या मतानुसार कथेतील पुनरागमनाची आस बंडखोर अर्लच्या अंतानंतरची आहे. कथेतील जादूचा भाग पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र चांदीच्या नालांची अशीच कथा किल्डेअरच्या अकराव्या अर्लविषयीही सांगतात. त्याचे नावही गेराल्ड आणि घराण्याचे मूळही एकच, त्यामुळे नामसाम्याने कथा एकाकडून दुसऱ्याकडे गेली असावी. कथेवरून काळ ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

ॲफेनच्या लढाईची (१५६५) आठवण मात्र निश्चितपणे बंडखोर अर्लचीच आहे. जखमी अर्लला आपल्या खांद्यांवरून नेताना शत्रुपक्षातील बटलर घराण्याच्या लोकांनी विचारले, ‘थोर अर्ल आता कुठे आहे?’ त्यावर ‘जिथे असायला हवा तिथेच, बटलरांच्या मानेवर,’ असे उत्तर त्याने दिल्याचे परंपरा सांगते.

शेवटच्या दिवसांत अर्लच्या माणसांनी मोरियार्टी घराण्याची गुरे पळवली. त्यांच्या पाठलागात ट्रॅलीजवळच्या ग्लॅनागिंटी दरीतील एका झोपडीत तो सापडला व डॅनियल केली या सैनिकाने त्याला ठार केले. शीर लंडन ब्रिजवर लावले गेले. धड कॅसलआयलंडजवळच्या एका लहान दफनभूमीत पुरल्याचे स्थानिक लोक सांगतात.